सॉफ्टवेअर उद्योगातील नोकरीच्या जाहिराती : लेखन, वाचन आणि परिणाम

नोकरीची जाहिरात म्हणजे मालक आणि उमेदवार यांच्यातील पहिला लेखी व्यवहार होय. नियुक्तीपत्र, करारपत्र, सेवापुस्तिका हे सारे नंतरचे. या पहिल्या कागदावर काम काय आहे, ते कोठे करावयाचे आहे, त्यासाठी काय आले पाहिजे आणि मोबदला किती मिळेल, एवढे चार प्रश्न सुटले म्हणजे जाहिरातीचे काम झाले असे मानावयास हरकत नाही. संगणकाला बिनचूक सूचना देणे हाच ज्या उद्योगाचा धंदा, त्या सॉफ्टवेअर उद्योगाच्या जाहिराती मात्र या चारही प्रश्नांवर बहुधा मुग्ध असतात, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

हा विषय केवळ पुण्याच्या हिंजवडी-खराडीचा, नवी मुंबईच्या ऐरोलीचा किंवा नागपूरच्या मिहानचा नाही. आज राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तंत्रनिकेतने आहेत, संगणकशास्त्राची पदवी देणारी विज्ञान महाविद्यालये आहेत. तेथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या हाती मोबाइलवरून रोज अशा जाहिराती येऊन पडतात. वडील शेतकरी असोत की शिक्षक, त्या जाहिरातीचा अर्थ विचारण्यासाठी घरात दुसरे कोणी नसते. मग गावातील शाळेचे मुख्याध्यापक, ग्रामसेवक किंवा पंचायतीचा एखादा शिकलेला सदस्य यांच्याकडे विचारणा होते. म्हणून या जाहिरातींची घडण थोडी तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे.

जागा विकत होती तेव्हा

वृत्तपत्रातील ‘पाहिजेत’ या सदरात शब्दागणिक किंवा ओळीगणिक पैसे मोजावे लागत. साहजिकच मजकूर आखूड असे आणि प्रत्येक शब्द तोलून घेतला जाई. दुसऱ्या बाजूने कायद्याचेही एक बंधन होते. सेवायोजन कार्यालयांना रिक्त जागा कळविणे सक्तीचे करणारा कायदा १९५९ साली संमत झाला. सार्वजनिक क्षेत्रातील आस्थापनांना आणि पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना तो लागू होता. कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारालाच घेतले पाहिजे अशी सक्ती त्यात नव्हती. जागा कळविण्याची मात्र होती. याच कायद्याखाली १९६० मध्ये झालेल्या नियमांत मालकाने कोणती माहिती द्यावी हे ठरवून दिले होते. पदाचे नाव, कामाचे स्वरूप, आवश्यक शैक्षणिक अर्हता, जागांची संख्या, वेतन व भत्ते, कामाचे ठिकाण, जागा केव्हापर्यंत भरली जाईल ती तारीख, असे रकाने त्यात होते. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला. साठ वर्षांपूर्वीच्या त्या रुक्ष नमुन्यात जेवढी माहिती मागितली जाई, तेवढी आजच्या चकचकीत जाहिरातींपैकी थोड्याच जाहिराती देतात.

इंटरनेटवर जागेला मोल उरले नाही. चार ओळींच्या जागी चाळीस ओळी लिहिल्या तरी खर्च तोच. त्यामुळे मजकूर वाढला. माहिती वाढलीच असे नाही.

एक नमुना

नेहमी आढळणाऱ्या वाक्यांवरून जुळविलेला पुढील नमुना पाहावा. तो कोणा एका कंपनीचा नाही, पण या क्षेत्रातील कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

‘झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीस सीनियर फुल स्टॅक रॉकस्टार पाहिजे. जावा, जावास्क्रिप्ट, पायथन, रिॲक्ट, अँग्युलर, क्लाउड, डेटाबेस व मशीन लर्निंग यांचा प्रत्येकी किमान पाच वर्षांचा अनुभव. दहावी, बारावी व पदवीस सलग साठ टक्के. शिक्षणात खंड नसावा. उत्तम संवादकौशल्य. दबावाखाली व लवचीक वेळेत काम करण्याची तयारी. पंधरा दिवसांत रुजू होणाऱ्यांनीच अर्ज करावा. वेतन उद्योगातील प्रथेप्रमाणे. ठिकाण : भारतात कोठेही.’

यात काम काय आहे? कंपनी बँकांसाठी प्रणाली लिहिते, रुग्णालयांसाठी लिहिते की मोबाइलवरचे खेळ तयार करते, याचा पत्ता नाही. ‘फुल स्टॅक’ म्हणजे ग्राहकाला पडद्यावर दिसणारा भाग आणि पडद्यामागे हिशेब व साठवण करणारा भाग, अशी दोन्ही कामे करणारा. हे पदनाम खोटे नव्हे; पण प्रत्यक्षात दोन माणसांचे काम एकाकडून करून घेण्यासाठीही ते वापरले जाते. ‘रॉकस्टार’, ‘निन्जा’ वगैरे विशेषणांनी कामाविषयी काहीच कळत नाही. कारकुनाच्या जागेसाठी ‘शूरवीर लिपिक पाहिजे’ अशी जाहिरात आपण काढली तर लोक हसतील. येथे कोणी हसत नाही एवढेच.

पुढे आठ विषय मांडले आहेत. त्यांपैकी रिॲक्ट आणि अँग्युलर ही एकाच प्रकारच्या कामाची पर्यायी साधने आहेत. एका कामासाठी कंपनी बहुधा त्यांतले एकच निवडते. दोन्ही मागितली आहेत याचा अर्थ लिहिणाऱ्याला आपल्या कंपनीत कोणते चालते हे माहीत नाही, असा होऊ शकतो. जावा आणि जावास्क्रिप्ट यांची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. दोन्ही भाषा १९९५ मध्ये लोकांपुढे आल्या. पहिली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची आणि दुसरी नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी रचलेली. पहिलीच्या नावाचा त्या वेळी बोलबाला होता, म्हणून दुसरीला तसे नाव मिळाले. नावापलीकडे त्यांचा संबंध आंबा आणि आंबेहळद यांच्याइतकाच. तरीही एकीच्या जागेसाठी दुसरीचा जाणकार बोलाविला जातो, आणि मुलाखतीच्या दिवशी दोन्ही बाजूंचा वेळ फुकट जातो.

‘लवचीक वेळ’ या शब्दांचा अर्थ कर्मचाऱ्याच्या सोयीने वेळ असा घ्यावयाचा की कंपनीच्या सोयीने, हे जाहिरात सांगत नाही. अमेरिकेतील ग्राहकासाठी रात्रपाळी करावी लागणार असेल तर ती रात्रपाळी म्हणूनच लिहिली पाहिजे. पंधरा दिवसांत रुजू होण्याची अट तर मोठी मौजेची आहे. भारतातील अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी सोडण्यापूर्वी नव्वद दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. स्वतःच्या माणसाला नव्वद दिवस अडवून धरणारी कंपनी दुसऱ्या कंपनीच्या माणसाने पंधरा दिवसांत यावे अशी अपेक्षा करते. ही अट अक्षरशः पाळावयाची तर आधीच नोकरी सुटलेला उमेदवारच पात्र ठरतो, आणि त्याच जाहिरातीत ‘खंड नसावा’ असेही लिहिलेले असते.

हीच जाहिरात नीट लिहिता येते. समजा, कंपनीचे काम सहकारी पतसंस्थांच्या कर्जवाटपाची प्रणाली सांभाळण्याचे आहे. तर मजकूर असा होईल : ‘पतसंस्थांच्या कर्जवाटप प्रणालीत नवे भाग लिहिणे व जुन्या भागांतील दोष दूर करणे यासाठी दोन अभियंते पाहिजेत. जावा भाषेत स्वतंत्रपणे काम करता आले पाहिजे आणि डेटाबेसचे सर्वसाधारण ज्ञान हवे. रिॲक्ट येत असल्यास उत्तम. न आल्यास येथे शिकविले जाईल. ठिकाण पुणे, आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात उपस्थिती. महिन्यातून एक आठवडा रात्री दूरध्वनीवर उपलब्ध राहावे लागेल. वार्षिक वेतन सहा ते आठ लाख रुपये. एक लेखी कसोटी व दोन मुलाखती. निकाल तीन आठवड्यांत कळविला जाईल.’ शब्द थोडे अधिक. परंतु ही जाहिरात वाचून ज्याला रात्रीचे काम जमणार नाही तो अर्ज करणार नाही, आणि ज्याला रिॲक्ट येत नाही पण जावा चांगली येते तो करील. मालकाला हेच तर हवे असते.

अनुभवाची वर्षे

जाहिरातीतील सर्वांत निष्काळजी आकडा अनुभवाच्या वर्षांचा असतो. सेबास्तियन रामिरेझ या कोलंबियन प्रोग्रामरने फास्टएपीआय नावाचे एक साधन तयार केले. ते २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. २०२० च्या जुलैमध्ये या गृहस्थांनी जाहीरपणे सांगितले की, या साधनाचा चार वर्षांहून अधिक अनुभव मागणारी एक जाहिरात आपल्या पाहण्यात आली आणि आपल्याला तेथे अर्ज करता येत नाही. कारण ते साधन आपणच निर्माण करून दीड वर्ष झाले आहे! त्याच सुमारास एका नामवंत कंपनीच्या जाहिरातीत कुबरनेटिसचा बारा वर्षांचा अनुभव मागितल्याचे दिसून आले होते. कुबरनेटिस हे साधन गूगलने लोकांसाठी खुले केले ते २०१४ मध्ये.

अशा गोष्टी विनोद म्हणून सांगितल्या जातात, पण त्यांमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बारा वर्षे काम केलेला ज्येष्ठ माणूस हवा, ही मागणी मुळात रास्त असते. लिहिणारा मात्र तो बाराचा आकडा उचलून यादीतील प्रत्येक साधनापुढे चिकटवितो. शिवाय, वर्षे मोजणे सोपे आहे आणि कौशल्य मोजणे अवघड आहे. तीन वर्षे मन लावून शिकलेला आणि तीन वर्षे एकच काम यांत्रिकपणे केलेला, हे दोघे कागदावर सारखेच दिसतात. यात नुकसान होते ते प्रामाणिक उमेदवाराचे. त्याला आपले साडेतीनच वर्षे भरतात हे दिसते आणि तो बाजूला होतो. शेजारचा पाच लिहून मोकळा होतो. अशी अट सचोटीवर कर बसविते, असेच म्हणावे लागेल.

जाहिरात घडते कशी

ज्याला माणूस हवा असतो तो प्रकल्पप्रमुख. तो आपल्या मनुष्यबळ विभागाला दोन ओळींत गरज कळवितो. मनुष्यबळ विभागातील अधिकारी बहुधा तंत्रज्ञ नसतो. तो मागील वर्षाची जाहिरात काढून तीत भर घालतो. पुष्कळदा ती जाहिरात सोडून गेलेल्या माणसाला जे जे येत होते त्याची यादीच असते. नंतर हे काम कन्सल्टन्सीकडे जाते आणि तेथे मजकूर आणखी फुगतो. कधी कधी जागा प्रत्यक्षात रिकामी नसतेच. परदेशी ग्राहकाचे काम मिळाले तर माणसे तयार असावीत म्हणून नावे गोळा केली जातात. अर्ज करणाऱ्यांना तसे सांगितले जात नाही. तीन महिने उत्तराची वाट पाहणाऱ्या मुलाला आपल्यातच काही उणे आहे असे वाटू लागते. या एका गोष्टीची झळ किती घरांना बसते, हे महाविद्यालयातील प्राध्यापक सांगू शकतील.

मालकांची बाजूही सांगितली पाहिजे. नवपदवीधरांच्या जागांसाठी प्रचंड संख्येने अर्ज येतात आणि ते सर्व वाचणे माणसाच्या आवाक्यातले नसते. म्हणून अर्जांची पहिली चाळणी संगणकच करतो. जाहिरातीतील शब्द अर्जात सापडले नाहीत तर अर्ज मागे पडतो. म्हणजे जाहिरातीतील चूक केवळ वाचकाची दिशाभूल करून थांबत नाही. ती चाळणीची जाळी होऊन बसते. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांनी २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन व जर्मनी येथील मालकांविषयीचा एक अहवाल प्रसिद्ध केला. कौशल्य असलेले योग्य उमेदवार केवळ जाहिरातीतील अटींशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून गाळले जातात, हे त्यातील ८८ टक्के मालकांनी मान्य केले होते. माणसे मिळत नाहीत ही उद्योगाची तक्रार आणि नोकरी मिळत नाही ही तरुणांची तक्रार, या दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, याचा काही उलगडा येथे होतो.

साठ टक्के आणि एक केटी

आपल्या राज्यातील ग्रामीण विद्यार्थ्याला सर्वांत अधिक बाधणारी अट म्हणजे ‘दहावी, बारावी व पदवीस सलग साठ टक्के’. तिच्या जोडीला ‘एकही केटी नको’ आणि ‘शिक्षणात खंड नको’ अशाही अटी असतात. मराठी माध्यमातून बारावी होऊन अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलाची पहिली दोन सत्रे इंग्रजीशी झुंजण्यात जातात. त्यात एखादा विषय राहतो. पुढील तीन वर्षांत तो वर्गाच्या बरोबरीला येतो, कधी पुढेही जातो. दुष्काळाच्या वर्षी फी भरता आली नाही म्हणून एखादीचे वर्ष गेलेले असते. सोळाव्या वर्षी भूगोलात किती गुण पडले, यावरून बाविसाव्या वर्षी प्रोग्रॅम कसा लिहिता येईल याचा अंदाज बांधणे कितपत युक्त आहे, याचा विचार अट घालणाऱ्यांनी करावयास हवा. गर्दी कमी करण्याचा हा एक स्वस्त उपाय आहे, यापलीकडे तिचे समर्थन करणे कठीण आहे. लेखी कसोटी घेऊन गर्दी कमी करता येते, आणि काही कंपन्या तशी करतातही.

कामाशी संबंध नसलेली अर्हता मागावी काय, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. ड्यूक पॉवर या वीज कंपनीने काही कामांसाठी माध्यमिक शाळेच्या प्रमाणपत्राची अट घातली होती. कृष्णवर्णीय कामगार तीमुळे मोठ्या प्रमाणात वगळले जात होते, आणि काम करण्याच्या क्षमतेशी तिचा संबंध कंपनीला दाखविता आला नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये अशी अट बेकायदेशीर ठरविली. तरीही पदवीचा हव्यास कमी झाला नाही. उत्पादन पर्यवेक्षकाच्या पदासाठी २०१५ मध्ये तेथे निघालेल्या जाहिरातींपैकी ६७ टक्के जाहिरातींत महाविद्यालयीन पदवी मागितली होती. ते काम प्रत्यक्ष करीत असलेल्यांपैकी केवळ १६ टक्क्यांजवळ ती होती. हार्वर्डच्याच २०१७ च्या एका अहवालातील हे आकडे आहेत.

शब्दांची निवड आणि स्त्रिया

डॅनियल गॉशर, जस्टिन फ्रीसन आणि ॲरन के यांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांचे प्राबल्य असलेल्या व्यवसायांच्या जाहिरातींत स्पर्धा, वर्चस्व, नेतृत्व अशा छटेचे शब्द अधिक आढळतात आणि अशा जाहिरातींतील नोकऱ्या स्त्रियांना कमी आकर्षक वाटतात, असे त्यांना दिसून आले. महत्त्वाची बाब अशी की, आपल्याला काम येणार नाही असे त्या स्त्रियांना वाटत नव्हते. तेथे आपण परक्या ठरू असे वाटत होते. मराठीत तर क्रियापद आणि विशेषणच लिंग सांगून जाते. ‘काम करू शकणारा अभियंता पाहिजे’ असे लिहिण्याऐवजी ‘काम करू शकणारे अभियंते पाहिजेत’ असे अनेकवचन वापरल्यास हा दोष सहज टळतो. भरतीत स्त्री-पुरुष भेद न करण्याचे बंधन १९७६ च्या समान वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहे.

वेतनाबद्दल मौन

‘वेतन उद्योगातील प्रथेप्रमाणे’ या वाक्याचा अर्थ ‘तुमचे सध्याचे वेतन किती आहे ते पाहून ठरवू’ असा असतो, हे या क्षेत्रातील सर्वांना माहीत आहे. ज्याची पहिली नोकरी अल्प वेतनाची, त्याच्या पुढच्या प्रत्येक नोकरीत ती उणीव त्याच्यामागे येते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२१ पासून जाहिरातीत वेतनाची मर्यादा छापणे बंधनकारक केले. न्यूयॉर्क शहराने २०२२ मध्ये आणि कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये तोच मार्ग धरला. उमेदवाराला मुलाखतीपूर्वी वेतन कळावे असा निर्देश युरोपीय संघानेही २०२३ मध्ये काढला. आपल्याकडे खासगी मालकावर असे बंधन नाही.

मुद्दाम अवघड केलेल्या जाहिराती

आतापर्यंत निष्काळजीपणाचा विचार केला. परंतु वाईट जाहिरात हेतुपुरस्सरही काढता येते. अमेरिकेतील कंपनीला तात्पुरत्या व्हिसावर काम करणाऱ्या परदेशी अभियंत्यासाठी कायम वास्तव्याचा परवाना मिळवावयाचा असेल, तर त्या जागेसाठी योग्य अमेरिकन उमेदवार उपलब्ध नाही हे तिला जाहिरात देऊन दाखवावे लागते. जाहिरात कोणाच्या लक्षात येऊ नये यातच मग तिचे हित असते. एरवी सारे अर्ज संगणकावरून घेणाऱ्या फेसबुकने या जागा आपल्या संकेतस्थळावर न मांडता अर्ज केवळ टपालाने मागविले, असा आरोप तेथील न्याय विभागाने २०२० मध्ये केला. प्रकरण २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ४२ लाख डॉलरपर्यंतच्या तडजोडीने मिटले. ॲपलविरुद्धच्या अशाच प्रकरणात २०२३ मध्ये २ कोटी ५० लाख डॉलरपर्यंतची तडजोड झाली. हे परवाने मागणाऱ्यांत भारतीय अभियंत्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. त्या अभियंत्यांचा यात काही दोष नव्हता. पण कंपन्यांच्या या चलाखीमुळे परवान्याच्या सबंध पद्धतीविषयीच संशय निर्माण झाला.

शासकीय जाहिरातीपासून शिकण्यासारखे

शासकीय जाहिरातीची रुक्षता हा थट्टेचा विषय आहे. पण पदांची संख्या, वेतनश्रेणी, अर्हता, वयोमर्यादा, निवडीची पद्धत आणि अंतिम दिनांक तीत असतात. यामागे न्यायालयांनी घालून दिलेली शिस्त आहे. आंध्र प्रदेशातील विजयनगरम येथील समाजकल्याण निवासी शाळेच्या शिक्षकपदाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये एक मार्मिक मुद्दा मांडला. जाहिरातीत पदव्युत्तर पदवीस द्वितीय श्रेणीची अट होती, उमेदवाराला तृतीय श्रेणी होती, तरी निवड झाली होती. न्यायालयाचे म्हणणे असे की, हा केवळ नेमणूक करणारा आणि नेमला जाणारा या दोघांतला प्रश्न नाही. तेवढीच किंवा अधिक पात्रता असलेल्या ज्या लोकांनी जाहिरातीतील अट वाचून अर्जच केला नाही, त्यांच्यावर यात अन्याय होतो. भरतीची प्रक्रिया सुरू झाल्यावर तिचे नियम मध्येच बदलता येत नाहीत, हे तत्त्व पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

हे निर्णय खासगी कंपन्यांना लागू होत नाहीत. तथापि, अर्ज न केलेल्या माणसाचा विचार हे १९९० च्या निर्णयाचे सार सॉफ्टवेअरच्या जाहिरातींना चपखल बसते. पाच वर्षांची अट लिहावयाची आणि चांगला दिसला म्हणून दोन वर्षांचा माणूस घ्यावयाचा, हे तेथे नित्याचे आहे. ज्यांना ही रीत ठाऊक असते ते अट डावलून अर्ज करतात. शहरातील, ओळखीपाळखीच्या घरांतील मुलांना ती ठाऊक असते. छापील शब्द खरा मानण्याची सवय लागलेल्या गावाकडच्या मुलीला ती कोण सांगणार?

आपल्या कार्यालयांतही आता कंत्राटी पद्धतीने संगणकाची पदे भरली जातात. त्या जाहिरातींचे मसुदे तयार करताना खासगी क्षेत्रातील याद्या जशाच्या तशा उतरविण्याचा मोह होतो. डेटाबेस सांभाळणारा हवा की केवळ माहिती भरणारा हवा, हे आधी ठरवावे. माहिती भरणाऱ्याच्या जागेसाठी अभियांत्रिकीची पदवी मागण्याचे कारण नाही. मसुदा प्रसिद्ध करण्यापूर्वी ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याला तो वाचावयास द्यावा. यासाठी वेगळी मंजुरी लागत नाही.

संदिग्धतेच्या आड

खऱ्या जाहिरातीच जेव्हा कंपनीचे काम, ठिकाण आणि वेतन सांगत नाहीत, तेव्हा खोट्या जाहिराती त्यांत बेमालूम मिसळून जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला यासंबंधी इशारा द्यावा लागला. थायलंडमध्ये डिजिटल विक्री व विपणनाच्या पदांसाठी आकर्षक नोकऱ्या आहेत, अशा जाहिराती समाजमाध्यमांवरून देऊन संगणकाचे ज्ञान असलेल्या तरुणांना नेण्यात येत होते आणि तेथून बेकायदेशीरपणे सीमा ओलांडून म्यानमारमध्ये डांबून ठेवण्यात येत होते. त्यांच्याकडून फसवणुकीची कामे करवून घेतली जात. जाहिरातीतील पदनाम भरघोस आणि कामाचे वर्णन शून्य, हे येथेही दिसते.

गावपातळीवर यासंबंधी बरेच करता येण्यासारखे आहे. जाहिरात घेऊन कोणी आल्यास प्रथम कंपनीचे नाव घेऊन तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती जागा आहे किंवा कसे, ते पाहावे. नोंदणी फी, प्रशिक्षणाची अनामत किंवा लॅपटॉपसाठी ठेव या नावाखाली पैसे मागितले असल्यास तेथेच थांबावे. पैसे गेले असल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम अडविण्याची शक्यता अधिक असते. परदेशातील जागा असेल तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली भरती करणाऱ्या दलालाची नोंदणी आवश्यक असते आणि नोंदणीकृत दलालांची नावे केंद्र शासनाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येतात.

जाहिरात खरी असल्यास काम वेगळे आहे. महाविद्यालयाच्या वर्गात एक तास देऊन चार-पाच जाहिराती फळ्यावर मांडाव्यात आणि विद्यार्थ्यांकडूनच त्यांतील प्रत्येक अटीपुढे ‘अत्यावश्यक’, ‘असल्यास बरे’ किंवा ‘निरर्थक’ असा शेरा लिहवून घ्यावा. दहा अटींपैकी अत्यावश्यक अशा तीन-चारच निघतात, असे बहुधा आढळून येते. त्या तीन-चार येत असतील तर उरलेल्यांबद्दल खोटे न लिहिता अर्ज अवश्य करावा. मुलाखतीत उमेदवारानेही विचारावे : रोजचे काम कोणते, पूर्वी ते कोण करीत होते, पाळी कोणती, करारात किती वर्षांचे बंधन आहे आणि ते मोडल्यास किती रक्कम भरावी लागेल. या प्रश्नांची उत्तरे मिळाली की ती त्याच दिवशी ईमेलने कंपनीला कळवून तिच्याकडून दुजोरा घ्यावा.